कामठ्याचे थिजेवाले

कामठ्याच्या उदाराम शहारेंच्या घराण्यात नवं बाळ जन्मलं की पहिल्या हिवाळ्यात सगळ्यांचं लक्ष त्याच्या डोळ्यांकडे असायचं. गार पाण्यानं तोंड पुसलं, बाळ रडलं, आणि रडणं थांबल्यावरही पापण्या चिकटल्यासारख्या मिटूनच राहिल्या, की उदारामची थोरली बहीण धुरपताबाई तोंडाच्या वाफेनं आपला तळवा गरम करून त्या पापण्यांवर धरायची आणि म्हणायची, "हे आपलंच हाय." साधारण निम्मी बाळं अशी निघायची. बाकीची टकामका बघायला लागायची. ती दुसऱ्या घरावर गेली असं धरून चालायचे.

घरात या प्रकाराला थिजणं म्हणत. थंडीत तूप थिजतं, तशी ही माणसं थिजायची. गार पाण्यात धुणं धुतलं की मूठ उघडायची नाही. पहाटे सायकलवर निघालं की ओठ आखडायचे, बोलणं जडावायचं. हात झटकून, चोळून, जास्त हलवून बघावं तर आणखीच घट्ट व्हायचा. मग शेकोटीजवळ बसलं, गरम पाणी घेतलं, की थोड्या वेळानं सगळं पूर्ववत. उन्हाळ्यात तर कुणाला काही होतंय असं सांगूनही खरं वाटलं नसतं. या दुखण्यानं कुणी मेलं नव्हतं, कुणी बरंही झालं नव्हतं. उदारामनं एकदा धाकट्या मुलीला, अल्काला, गोंदियाच्या डॉक्टरकडे नेलं होतं, पण शेतीची कामं संपवून नेलं ते मे महिन्यात. डॉक्टरनं तिची बोटं उघडमीट करून पाहिली, वात आहे म्हणाला आणि गोळ्या दिल्या. गावानं मात्र निदान कधीच केलेलं होतं. गाव त्यांना थिजेवाले म्हणायचं.

अल्काला त्या नावाचा राग यायचा नाही. राग आला तो बी.ए. झाल्यावर, भंडाऱ्याचे पाहुणे तिला बघायला आले तेव्हा. जानेवारीचे दिवस होते. आईनं पाण्याचे पेले हापशीवर घासून घेतले, अल्कानं विसळले, आणि तशीच ट्रे घेऊन ती बाहेर गेली. पाहुण्यांनी पेले उचलले. मुलाच्या मावशीनं, पोरीला नीट बसू द्यावं म्हणून, ट्रे तिच्या हातून घ्यायला धरला. अल्काची बोटं ट्रे सोडेनात. मावशीनं जरा ओढला, तर ट्रेबरोबर अल्काही दोन पावलं पुढे गेली. मावशीनं पुन्हा ओढला. अल्काचा चेहराही आखडला होता, त्यामुळे तिला हसून वेळ निभावून नेता येईना. ती नुसती एक डोळा बारीक करून बघत राहिली. आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला फिट येतात, आम्हाला जमणार नाही.

"फिट नाही म्हणून सांगायचं ना बाबा," अल्का म्हणाली.

"मंग काय हाय म्हनून सांगू?" उदाराम म्हणाला.

धुरपताबाईनं ठरवून टाकलं की यापुढे पोरी दाखवायच्या त्या होळीनंतर.

अल्कानं लग्नाचं डोक्यातून काढलं आणि नोकरीचे अर्ज भरायला घेतले. तेव्हा कुठल्याही सरकारी अर्जाला एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र लागायला लागलं होतं. गोंदियात दुलीचंदजींचा कॉम्प्युटर क्लास होता. दुलीचंदजींचं मूळचं दुकान किराण्याचं. वरच्या मजल्यावर मुलासाठी क्लास काढून दिला, मुलगा रायपूरला निघून गेला, तेव्हा म्हातारपणी स्वतः शिकून क्लास चालवायला बसलेला हा माणूस. कॉम्प्युटरवर त्यांचा फार जीव. चपला जिन्यात काढायच्या, पडदे बंद ठेवायचे, आणि मशीन गरम व्हायला नको म्हणून एसी बारा महिने चालू.

त्या एसीनं अल्काचा घात केला. पहिल्याच आठवड्यात तिचा हात माउसवर थिजला. तास संपला, मुली उठल्या, पुढच्या बॅचची मुलं दारात येऊन उभी राहिली आणि अल्का जागची हलेना.

"बेटी, माउस छोडो," दुलीचंदजी म्हणाले.

"सर, सुटून नाही राहिला."

"मतलब?"

तिनं माउससकट हात उचलून दाखवला. वायर ताणली गेली. दुलीचंदजींनी आधी घाबरून मेन स्विच बंद केला. त्यांना वाटलं करंट बसला. मग त्यांनी एसी बंद केला, खालून गरम चहा मागवला, पेला तिच्या मनगटाशी धरला. बोटं एकेक करून सुटली. अल्कानं घरातलं सगळं सांगितलं: बाबा, आत्या, काका, चुलत भावंडं, डोळे चिकटणारी बाळं.

दुलीचंदजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इतने लोगों को है तो इसका नाम भी होगा. इंटरनेट पे डाल के देखो ना."

इंटरनेट तेव्हा फोनच्या वायरीतून यायचं आणि मध्येच कुणी खालच्या दुकानात फोन उचलला की जायचं. अल्कानं शाळेतल्या इंग्रजीत शब्द टाकले: हात, थंडी, आखडणे, उघडत नाही. पहिले दोन दिवस नुसता संधिवात निघाला. तिसऱ्या दिवशी तिनं 'बाळाचे डोळे' हेही शब्द घातले. तेव्हा एक पान उघडलं. साधं पान, वर कुणा बाईचा बर्फात उभा फोटो आणि खाली मजकूर. तुमचे हात थंडीत अडकतात का? कुल्फी, आइसक्रीम खाल्ल्यावर जीभ जड होते का? हलवल्यानं मोकळं होण्याऐवजी जास्तच आखडतं का? बाळाचं तोंड धुतल्यावर त्याचे डोळे उघडत नाहीत का?

अल्का ते पान वाचत बसली. डिक्शनरी मांडीवर होती, पण तिची फारशी गरज पडली नाही. हे तर तिच्या घरचंच कुणीतरी लिहिलेलं होतं. आजाराला नाव होतं, पॅरामायोटोनिया. तो फार थोड्या घराण्यांत असतो. स्नायूंच्या पेशींना मिठाच्या कणांसाठी बारीक दारं असतात. ती दारं गारठ्यात वेळेवर बंद होत नाहीत, म्हणून स्नायू आवळलेला राहतो. वात नव्हे, फिट नव्हे, कुणाचा शापही नव्हे. खाली लिहिलं होतं की ज्यांना हा आजार आहे त्यांचा ईमेलवर एक गट आहे, आपणही या.

तिनं पहिला ईमेल लिहायला दोन तास घेतले. माझं नाव अल्का, मी भारतातल्या एका गावात राहते, आमच्या घरात हे फार जणांना आहे, माझं इंग्रजी कच्चं आहे, एवढंच त्यात होतं. दुसऱ्या दिवशी क्लासला आली तर उत्तरांची रांग लागलेली. पहिलं उत्तर फोटोतल्या बाईचं. तिचं नाव मार्गारेट. कॅनडात ती शाळेची बस चालवायची. तिनं लिहिलं होतं, "आमच्याकडे अर्धं वर्ष बर्फ असतो. मी थर्मासमध्ये कॉफी घेते ती पिण्यासाठी नाही, हात लावण्यासाठी. अल्का, तुझ्या गावात उन्हाळा किती असतो? मी तिकडे राहायला येऊ का?" दुसऱ्या एकानं लिहिलं होतं की लहानपणी वर्गात चेहरा आखडला म्हणून मास्तरनं वाकुल्या दाखवतो समजून त्याला मारलं. तिसरा पोहायला तलावात उतरून बुडता बुडता वाचला होता. अल्का वाचता वाचता हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती. दुलीचंदजींनी दुरून विचारलं, "क्या हुआ बेटी, रो रही हो?"

"नाही सर. सोयरे भेटले."

त्या गटात नुसत्या गप्पा चालत नव्हत्या. हॉलंडमधल्या एका विद्यापीठातल्या संशोधक बाई, प्राध्यापक एल्स, त्यात होत्या. हा आजार इतका विरळ की दवाखान्यात बसून त्यांना उभ्या आयुष्यात मोजकेच रुग्ण भेटले होते. इथं गटात निरनिराळ्या देशांतले शेकडो लोक आपणहून जमले होते. बाई महिन्याला एक प्रश्न टाकायच्या: कोणत्या हवेत त्रास होतो, किती वेळ टिकतो, वय वाढलं तसं काय बदललं. लोक आपापलं लिहायचे, आणि त्यातून जे निघायचं ते बाई पुन्हा गटाला सांगायच्या. औषध म्हणून काय काय करून पाहता येईल, याचा विचार त्या उत्तरांवर चालला होता.

आठवड्याचे ईमेल अल्का शनिवारी छापून कामठ्याला न्यायची. दुपारी आत्या अंगणात उन्हाला पाय पसरून बसलेली असायची. तिच्याजवळ बसून अल्का ते आपल्या बोलीत वाचून दाखवायची. सुरुवातीला धुरपताबाईनं लक्ष दिलं नाही.

"कोन आहेत ह्या बाया?"

"कॅनडाच्या आहेत, जर्मनीच्या आहेत. गोऱ्या."

"अन् त्यायच्या पोट्ट्यायचे डोरे चिकटते?"

"चिकटते न. हे पाहा, इनं लिहिलं. हिची माय बोटावर वाफ घेऊन शेकत होती."

धुरपताबाईनं सुपातले तांदूळ बाजूला ठेवले. "वाफ बोटावर नाई, तळव्यावर पायजे. सांग तिले."

अल्कानं सांगितलं. उत्तर आलं. त्यानंतर आत्या दर शनिवारी एसटीच्या थांब्यावर येऊन विचारायला लागली, "आली का डाक?" तिला मार्गारेट सगळ्यात आवडायची, बाई असून बस चालवते म्हणून. एका शनिवारी सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "हे मानसं हवा विचारून राहिले, वय विचारून राहिले. बायायले काऊन नाई विचारत?"

"काय विचारायचं?"

"दिवस राहिले तवा कसं होत होतं ते. मले पयलं पोटी होतं तवा चैतातबी हात थिजे. लेकरू झालं का थिजनं गेलं. उदाच्या बायकोले हे नाई, तिले काय माहीत. माया बहिनीले, सावित्रीले पन तसंच होत होतं. विचार न त्यायले."

अल्कानं प्रश्न टाकला आणि खाली लिहिलं, ही माझी आत्या विचारते आहे. गटात एवढी गडबड तिनं कधी पाहिली नव्हती. ज्या बायांनी वर्षभरात एक ओळ लिहिली नव्हती त्यांनीही पानभर लिहिलं. कुणाला गरोदरपणी उन्हाळ्यात त्रास झाला होता, कुणाला डॉक्टरनं मनाचे खेळ म्हणून परत पाठवलं होतं, दोघींना मात्र काहीच फरक पडला नव्हता. प्राध्यापक एल्स यांनी लिहिलं की मी इतकी वर्षं प्रश्न विचारते आहे, हा मला सुचला नाही. त्यांनी नीट प्रश्नावली केली, आणि ती पाठवण्याआधी आत्याला विचारून घेतली. आत्यानं एक प्रश्न वाढवायला लावला: बाळंत झाल्यावर किती दिवसांत उतरलं.

मग एल्सबाईंनी खरी विनंती केली. रक्तातल्या गुणसूत्रात नेमका कुठे बदल आहे हे शोधायचं तर एक मोठं घराणं लागतं, ज्यात निम्म्यांना आजार आहे आणि निम्म्यांना नाही. असं घराणं गटात फक्त अल्काचं होतं. नागपूरच्या एका डॉक्टरीणबाई त्यांच्याबरोबर काम करायला तयार होत्या. त्या गावात येऊन तपासतील आणि रक्ताचे नमुने घेतील. नावं कुठेही येणार नाहीत.

अल्का उड्या मारत घरी आली, आणि धुरपताबाईनं साफ नाही म्हटलं.

"बोलनं येगळं, रक्त येगळं. रक्त दिलं म्हंजे डाक्टरच्या कागदावर आलं. उद्या पोरीयचे लगन अडतीन. तुयं काय झालं ते पाह्यलं न?"

"माझं लगन अडलं तवा कोणत्या कागदावर होतं आत्या? लपवलं म्हणूनच अडलं. फिट म्हणून गेले ते लोक. खरं काय ते सांगता आलं असतं तर?"

"सांगून कोन करते?"

उदाराम दोघींच्या मध्ये बसला होता. त्याला पोरीचं पटत होतं, पण मोठ्या बहिणीपुढे तो कधी बोलला नव्हता. तो नुसता म्हणाला, "पाहू." आणि पुढचे काही महिने त्या गोष्टीचं पाहूच राहिलं. एल्सबाईंनी लिहिलं की घाई नाही, आणि घरच्यांची इच्छा नसेल तर नको. आत्या मात्र शनिवारी थांब्यावर येतच राहिली.

एका शनिवारच्या छापील कागदांत गटानं सगळ्यांसाठी पाठवलेली सूचना होती. ऑपरेशनच्या आधी आपला आजार डॉक्टरला सांगा. भुलीची काही औषधं आपल्या लोकांना चालत नाहीत, जबडा आवळतो, अंग लाकडासारखं होतं, श्वास अडू शकतो. ज्यांना हा अनुभव आला आहे त्यांनी एल्सबाईंना कळवावं. अल्का वाचत होती, तोच आत्यानं तिचं मनगट धरलं.

"आत्या?"

"पुन्हा वाच."

अल्कानं पुन्हा वाचलं.

"सावित्रीचं असंच झालतं," धुरपताबाई म्हणाली. सावित्रीबाई तिची पाठची बहीण, गोंदियाजवळच्या गोरेगावला दिलेली. "तिच्या नसबंदीच्या वक्ताले. सुई देल्ली न् दात बसले. हात पाय ताठ. काळीनिळी झाली माय. त्या डाक्टरनं वाचवलं, पन मंग आमच्याच अंगावर आला, का पोरीले मिरगी हाय न् तुमी लपवली. मी किरिया खाल्ली का मिरगी नाई. त्यानं नाई मानलं. सावित्री त्या दिसापासून दवाखान्याची पायरी चढली नाई. दात दुखला तरी नाई." तिनं अल्काच्या हातातल्या कागदावर बोट ठेवलं. "तवा हे माहीत असतं त?"

"सांगितलं असतं, न् दुसरी भूल दिली असती."

धुरपताबाईनं पदरानं तोंड पुसलं. "बोलाव तुया डाक्टरीनबाईले. पयलं रक्त माया घे. मंग सावित्रीचं. ते नाई म्हनल त मी धरून आनतो."

ठरवून जानेवारीतला रविवार धरला. आधीच्या पिढ्यांनी थंडीत तोंड लपवलं होतं. या वेळी थंडीच हवी होती. विहाराच्या अंगणात मांडव घातला. गोंदियाच्या मासोळी बाजारातून बर्फाची लादी भुशात घालून ऑटोनं आणली. दुलीचंदजी स्वतःचा एक कॉम्प्युटर घेऊन आले, कशासाठी ते त्यांनाही नक्की माहीत नव्हतं. सकाळपासून एसटीनं, मोटारसायकलींवर शहारेंची माणसं यायला लागली. देवरीची, तिरोड्याची, बालाघाटकडची, लग्नाशिवाय कधी एका जागी न दिसणारी. ज्यांच्या पोरी लग्नाच्या होत्या असे दोघं तिघं आले नाहीत. सावित्रीबाई आली. लांब कोपऱ्यात बसून राहिली, पण आली.

नागपूरच्या डॉक्टरीणबाई हसतमुख होत्या. त्यांनी आधी सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं, नको असेल त्यानं उठून जावं म्हणाल्या, मग एकेकाचा हात बर्फाच्या पाण्यात ठेवून मूठ आवळायला आणि उघडायला लावली. थोड्याच वेळात त्याची जत्रा झाली. कुणाची मूठ किती वेळ उघडत नाही यावर पोरं ओरडायला लागली. उदारामचा पुतण्या जन्मभर म्हणत आला होता की मला नाही; त्याची मूठ सगळ्यात शेवटी सुटली. बायकोनं सगळ्यांदेखत विचारलं, "म्हंजे हिवाळ्यात भांडे घासाले टाळत होते ते यापायी?" डॉक्टरीणबाईंना लिहिता लिहिता पेन खाली ठेवावं लागलं.

दुपारी जेवणं चालू असताना एक अनोळखी माणूस मोटारसायकल लावून मांडवाच्या कडेला उभा राहिला. डोक्याला मफलर, हातात लोकरीचे मोजे. मागं त्याचा तरणा मुलगा, त्याच्याही हातात मोजे.

"राम राम. थिजेवाल्यायचा डाक्टर इथंच येऊन राहिला का?"

"जय भीम. या न," उदाराम पुढे झाला. "कोन गाव?"

माणसाचं नाव बकाराम. गोरेगावजवळचा पोवार, दुधाचा धंदा असलेला शेतकरी. गोरेगावच्या बाजारात सावित्रीबाईच्या सुनेनं गहू घेता घेता कुणाला तरी बर्फाच्या दिवसाचं सांगितलं होतं, ते त्याच्या बायकोनं ऐकलं होतं. "आमच्याबी घरी हेच हाय जी. माया बापाले होतं, मले हाय, याले हाय. आमी समजून होतो का आमीच हाव दुनियेत." बोलता बोलता त्याचे ओठ आखडले आणि तो एका गालानं हसला. ते अर्धं हसू उदारामनं आरशात दर हिवाळ्यात पाहिलेलं होतं.

उदारामचा हात आपोआप पुढे गेला. क्षणभर दोघंही थबकले. उदारामच्या बापाला पोवारांच्या ओसरीवर लांबूनच पाणी घालत, हे दोघांनाही सांगायची गरज नव्हती. मग बकारामनं मोजा काढला आणि हात धरला.

उदाराम नुकताच बर्फाच्या पाण्यातून उठला होता. बकाराम गोरेगावहून थंडी खात आला होता. दोघांचे हात एकमेकांत थिजले.

"सोडा आता," बकाराम म्हणाला.

"मी सोडूनच राहिलो. तुमीच धरून आहा."

"मी कायले धरू?"

सोडवायला जावं तो पकड आणखी आवळायची. अंगणभर माणसं पोट धरून हसत होती. कोपऱ्यातली सावित्रीबाईही हसता हसता उभी राहिली. शेवटी धुरपताबाई वरणाचं गरम भगोनं घेऊन आली, दोघांना हात तसेच भगोन्याच्या बुडाशी धरायला लावले, आणि पकड सुटेपर्यंत दोघांच्या शेताच्या, गाईंच्या, पोरांच्या गोष्टी होऊन गेल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या दोघांचा फोटो घेतला. अल्कानं दोघांना विचारून तो गटात पाठवला, आणि मार्गारेटनं उत्तरात एवढंच लिहिलं की बस चालवताना तो आठवला आणि मी बस थांबवून हसले.

पुढचं सगळं सावकाश झालं. शहारेंचे आणि बकाराम बापलेकांचे नमुने नागपूरला गेले, तिथून हॉलंडला. बदल कुठे आहे ते सापडायला वर्षाच्या वर लागलं. एल्सबाईंनी गरोदरपणावर जो लेख लिहिला, त्यात गटातल्या बायांचे आभार मानले होते. डॉक्टरीणबाईंनी थिजणाऱ्या प्रत्येकाला खिशात ठेवायचं कार्ड करून दिलं; भूल देण्याआधी दाखवायचं. सावित्रीबाईनं ते दातांच्या डॉक्टरला दाखवलं आणि कित्येक वर्षं सलत असलेली दाढ काढून घेतली. हृदयाचे ठोके चुकणाऱ्यांसाठी असलेलं एक जुनं औषध या आजारात उपयोगी पडतं असं गटातल्या बऱ्याच जणांच्या अनुभवावरून दिसत होतं आणि त्याची रीतसर चाचणी तिकडे चालू होती. डॉक्टरीणबाईंनी अल्काचं हृदय तपासून तिला ते देऊन पाहिलं. त्या हिवाळ्यात तिनं दुलीचंदजींच्या एसीत दिवसभर टायपिंग शिकवलं आणि बोटं अडकली नाहीत. नोकरी सरकारी मिळाली नव्हती. दुलीचंदजींनी क्लासच तिच्या हवाली केला होता.

लग्नही त्याच सुमारास झालं. तिरोड्याचा रत्नपाल, प्राथमिक शाळेत शिक्षक. तो बघायला आला तो डिसेंबरात, कारण अल्कानं होळीपर्यंत थांबायला नकार दिला. पाहुणे बसल्यावर तिनं सांगितलं की मला असा असा आजार आहे, मुलांना होण्याची शक्यता निम्मी, आणि कुणाला बघायचं असेल तर गार पाणी आणते. रत्नपालची आई आत्याकडे बघायला लागली. रत्नपाल म्हणाला, "मला चष्मा आहे, तो काढला तर मला तुमचा चेहरा दिसत नाही. तोही पोरांना होईल." घरी जाऊन विचार करतो म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी होकार घेऊन एकटाच आला.

नमुन्यांचं एक उत्तर राहिलं होतं. शहारेंच्या आणि बकारामच्या घरात बदल अगदी एकाच जागी निघाला होता. एल्सबाईंनी विचारलं होतं, दोन्ही घरं मागं कधीतरी एकाच पूर्वजाची आहेत का हे पाहता येईल, पण तुम्हाला ते कळायला हवं आहे का? उदारामनं बकारामवर सोडलं. बकाराम घरी कुणाकुणाशी बोलला ते त्यानं सांगितलं नाही, पण त्यानं करा म्हणून निरोप दिला.

उत्तर आलं तेव्हा अल्का माहेरी होती. तिनं बकारामला फोन केला आणि तो तासाभरात कामठ्याच्या अंगणात हजर झाला. स्वच्छ धुतलेलं धोतर, हातात पेढ्यांचा पुडा.

"नाही काका," अल्का म्हणाली. "रक्तात त्या बदलाच्या आजूबाजूचं सगळं वेगळं आहे. आपापल्या घरात तो बदल वेगवेगळा झाला. नातं नाही. पण बाई म्हणतात, दोन वेगळ्या घरांत तोच बदल आणि तोच त्रास, हे त्यांच्या कामाला फार उपयोगी आहे."

"म्हंजे सोयरे नाई निघालो?"

"नाई."

बकारामचं तोंड उतरलं. "धत्. म्या त घरी सांगून आलो. पेढेबी आनले."

"मंग पेढे काय वापस नेता?" धुरपताबाई आतून म्हणाली. "बसा. भात उतरवला हाय."

बकाराम बसला. जेवताना त्यानं उदारामला धानाचं विचारलं, कोणतं बियाणं लावलं, पाणी किती दिवस टिकलं. हात धुऊन झाल्यावर तो अल्काजवळ आला आणि जरा हळूच बोलला, "बाई, त्या तुमच्या कंपूटरवाल्यायले माया एक विचारनं होतं. जानेवारीत गाय पिळतो तवा माये हात आचळालेच चिकटते. मी ओढतो न् गाय लाथ मारते. त्यायच्यात कोनी गाईवाला हाय का?"

"आहेत ना. मार्गारेटचा भाऊच आहे."

"मंग विचारा."

दुसऱ्या दिवशी गोंदियाला पोचल्यावर अल्कानं आधी तोच प्रश्न टाकला. संध्याकाळपर्यंत तीन देशांतल्या गाईवाल्यांची उत्तरं आली. सगळ्यांत लांब मार्गारेटच्या भावाचं होतं. त्याला हा आजार होता आणि त्याच्याकडे गोठाभर गाई होत्या. त्यानं लिहिलं होतं की गरम पाण्याची बादली कामाची नाही, हात ओला राहून लवकर गारठतो. आधी गाईच्या काखेत दोन्ही हात कोरडेच दाबून धरावेत, तिथं ऊब असते, आणि गाईलाही तेवढ्यात आपली सवय होते.

अल्कानं फोन करून ते बकारामला वाचून दाखवलं. पलीकडे थोडा वेळ नुसता गाईच्या गळ्यातल्या घंटीचा आवाज येत राहिला.

"थांबा जी," बकाराम म्हणाला, "हात घालूनच पाहून राहिलो."